पागानिनीचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन व्हायोलिनवादक आणि रचनाकार निकोलो पागानिनीच्या पहिल्या कॉन्चेर्टोबद्दल (कॉन्चेर्टो म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पट्टीचा विषय सतत येत असल्यामुळे जमेल तिथे पाश्चात्त्य नावांबरोबर पेटीवरची नावंही दिली आहेत: डी म्हणजे पांढरी दोन, ई फ्लॅट म्हणजे काळी दोन.

१. हा नेमका कोणता कॉन्चेर्टो? घंटेवाला तोच का?

नाही. घंटेचा, म्हणजे ‘ला कँपानेल्ला’ या शेवटच्या भागाचा कॉन्चेर्टो दुसरा. तो बी मायनरमध्ये असून १८२६ चा आहे. पियानोवादक लिस्टने पियानोवर नेली ती घंटाही त्यातलीच. इथे बोलतोय तो पहिला, ओपस ६ (ओपस म्हणजे रचनाकाराच्या छापील कामाचा क्रमांक). त्याचे तीन भाग आहेत: आलेग्रो माएस्तोसो (जलद, भारदस्त), अडाजिओ (संथ) आणि रोंदो (फिरून मूळ सुरावटीवर येणारा). काहीही न कापता वाजवला तर साधारण ३५ मिनिटं लागतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या पहिल्या भागाला.

२. तो कधी लिहिला? कुठे १८११ दिसतं, कुठे १८१७.

१८११ हे साल जुन्या पुस्तकांतून फिरत आलेलं आहे. आज बहुतेक संदर्भ १८१७-१८ च्या आसपासचा काळ देतात. १८१९ मध्ये नेपल्सला तो वाजवल्याचं सांगितलं जातं. घोळ होण्याचं कारण सोपं आहे. कॉन्चेर्टो छापला गेला थेट १८५१ मध्ये, पागानिनी गेल्यावर ११ वर्षांनी (त्याचं आयुष्य १७८२ ते १८४०). मधल्या काळात तो स्वतः त्यात भर घालत आणि फेरफार करत राहिला. त्यामुळे एकच एक तारीख शोधण्यात फारसा अर्थ नाही.

३. मूळ पट्टी कोणती? सीडीवर कधी डी मेजर असतं, कधी ई फ्लॅट मेजर.

दोन्ही बरोबर आहेत, आणि गंमत तिथेच आहे. पागानिनीने वाद्यवृंदाचे पार्ट्स ई फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोनमध्ये लिहिले. एकल व्हायोलिनचा पार्ट मात्र डीमध्ये, पांढरी दोनमध्ये. हे जुळावं म्हणून वादकाने चारही तारा अर्ध्या स्वराने चढवायच्या: जी-डी-ए-ई ऐवजी ए फ्लॅट-ई फ्लॅट-बी फ्लॅट-एफ. बोटं डी मेजरची पडतात, ऐकू येतो ई फ्लॅट मेजर.

स्केल चेंजर पेटी वाजवणाऱ्याला हे लगेच कळेल. पट्टा एक घर सरकवला की बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात आणि स्वर वर जातो. इथे पट्टा नाही, खुंट्या पिळायच्या. तारा अशा वेगळ्या लावण्याला पाश्चात्त्य संगीतात स्कॉर्दातुरा म्हणतात.

४. एवढी खटपट कशासाठी? फायदा काय?

तीन फायदे आहेत आणि तिन्ही ऐकू येणारे आहेत.

पहिला, मोकळ्या तारांचा. डी मेजरमध्ये व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा सुरात असतात. डी हा षड्ज, ए पंचम, जी मध्यम आणि ई रिषभ. तुम्ही कोणतीही तार वाजवा, उरलेल्या तारा तरफेसारख्या झंकारतात. ई फ्लॅटमध्ये ए आणि ई या मोकळ्या तारा सप्तकाबाहेर जातात, उरतात फक्त जी आणि डी. त्यामुळे वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांचा आवाज थोडा झाकलेला, मऊ येतो. एकल व्हायोलिन मात्र मनातून डी मेजरच वाजवत असल्यामुळे त्याची चमक शाबूत राहते. सगळे एकाच पट्टीत असूनही एकाच्याच वाद्यावर उजेड पडतो.

दुसरा, ताणाचा. अर्धा स्वर चढवला की कंपनसंख्या साधारण ६ टक्क्यांनी वाढते. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो १२ टक्क्यांच्या आसपास चढतो. आवाज धारदार होतो आणि सभागृहात लांबवर पोचतो.

तिसरा, हाताचा. जोडस्वर, हार्मोनिक्स (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले शिट्टीसारखे स्वर), मोकळ्या तारेवरून मारलेल्या उड्या हे सगळं डीमध्ये हाताखाली येतं. तेच खऱ्या ई फ्लॅटमध्ये वाजवायचं तर काही जागा जवळजवळ अशक्य होतील. समोर बसलेल्या व्हायोलिनवादकाला ऐकू येत होता ई फ्लॅट. हे त्या पट्टीत कसं जमतं, याचा तो विचार करत बसे. फ्रँकफुर्टच्या कार्ल गुर याने पागानिनीला जवळून पाहून १८२९ मध्ये त्याच्या तंत्राची फोड केली, तेव्हा वेगळ्या लावलेल्या तारा हा त्यातला एक ठळक मुद्दा होता.

५. ही युक्ती पागानिनीचीच का?

नाही. मोझार्टने १७७९ च्या सिन्फोनिया कॉन्चेर्तान्तेमध्ये व्हायोलासाठी (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या स्वराचं वाद्य) अगदी हेच केलं आहे: वाद्यवृंद ई फ्लॅटमध्ये, व्हायोलाचा पार्ट डीमध्ये, तारा अर्धा स्वर वर. तिथे हेतू व्हायोलाला व्हायोलिनच्या बरोबरीने ऐकू येऊ देण्याचा होता. पागानिनीने तीच गोष्ट स्पर्धेचं हत्यार म्हणून वापरली, आणि एकदाच नाही. ‘ले स्त्रेगे’ आणि ‘इ पाल्पिती’ या रचनांतही तारा अर्धा स्वर चढवल्या आहेत. रोसिनीच्या ‘मोझेस’ या ऑपेरावरच्या, एकाच तारेवर वाजवायच्या रचनेत तर जीची तार बी फ्लॅटपर्यंत, दीड स्वर वर नेली आहे.

६. मग आज बहुतेक जण सरळ डीमध्येच का वाजवतात?

कारण सोय. छापील एकल पार्ट डीमध्येच आहे, तेव्हा वाद्यवृंदाचे पार्ट्स अर्धा स्वर खाली आणले की तारांना हात लावायलाच नको. आजच्या धातूच्या आणि सिंथेटिक तारा मुळातच ताठ आणि तेजस्वी आहेत. पागानिनी तातीच्या तारांवर वाजवत होता, त्यांना चढवण्याने मिळणारा फरक आज तेवढा जाणवत नाही. शिवाय महागडं जुनं वाद्य असेल तर त्यावर १२ टक्के जादा ताण द्यायला कोण तयार होईल?

पण यात एक गोष्ट हातची जाते. वाद्यवृंदही डीमध्ये आला की त्यांच्याही तारा झंकारू लागतात आणि प्रश्न ४ मधला पहिला फायदा संपतो. सुषिर वाद्यांचा रंगही बदलतो. ई फ्लॅटमध्ये बी फ्लॅटचे क्लॅरिनेट आणि ई फ्लॅटचे हॉर्न सहज बसतात. डीमध्ये एचे क्लॅरिनेट घ्यावे लागतात आणि हॉर्न खाली उतरतात. आमच्या मते मूळ पट्टी ऐकायला जास्त मजेदार आहे. पण डीमध्ये वाजवणाऱ्याला चूक ठरवण्याचं कारण नाही.

७. माझ्याकडचं रेकॉर्डिंग कोणत्या पट्टीत आहे ते कसं ओळखू?

वेष्टनावर विसंबू नका. पहिल्या भागाचा अगदी शेवटचा ठोका ऐका आणि पेटीवर किंवा ट्यूनर अ‍ॅपवर तो स्वर शोधा. पांढरी दोन आली तर डी, काळी दोन आली तर ई फ्लॅट.

दोन सापळे आहेत. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरची रेकॉर्डिंग्ज बहुधा आजच्या ठरलेल्या ए ४४० हर्ट्झपेक्षा खाली लावलेली असतात, त्यामुळे ई फ्लॅट दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लटकल्यासारखा येतो. आणि ७८ च्या तबकड्यांवरून केलेल्या प्रतींचा वेगच कधी कधी चुकलेला असतो. अशा वेळी एका स्वरावरून निकाल देऊ नका. डीमध्ये वाजवताना वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांचा आवाज मोकळा आणि उघडा येतो, तो कान सरावला की ओळखता येतो.

८. एवढं गाजलेलं काम त्याने हयातीत छापलं का नाही?

कारण ते त्याचं दुकान होतं. हयातीत त्याने फक्त पाच ओपस छापले: २४ काप्रिची (एकट्या व्हायोलिनसाठीच्या छोट्या रचना), गिटारबरोबरच्या सोनाटा आणि गिटार असलेली क्वार्टेट्स. कॉन्चेर्टो एकही नाही. गावोगावी जाताना तो पार्ट्सचं बाड बरोबर नेई, तालमीला वाटे आणि मैफल संपली की गोळा करून घेई. एकल पार्ट तर वाद्यवृंदातल्यांना बघायलाही मिळत नसे. तालमीतही तो कॅडेन्झाची, म्हणजे वाद्यवृंद थांबून एकल वादकाने एकट्याने कसब दाखवायची जागा आली की दोन-चार स्वर छेडून पुढे जायला सांगे.

आज हे कद्रूपणाचं वाटेल. पण त्या काळी स्वामित्वहक्काचं संरक्षण देशाच्या सीमेपलीकडे जवळजवळ नव्हतं. एकदा छापलं की पुढच्या गावात दुसराच कोणी ते वाजवून तिकिटं विकणार. १८२८ मध्ये व्हिएन्ना, मग जर्मन शहरं, १८३१ मध्ये पॅरिस आणि लंडन असा त्याचा सगळा धंदा ‘हे दुसरीकडे ऐकायला मिळणार नाही’ यावर उभा होता. लंडनला तर त्याने तिकिटांचे दर दुप्पट लावले. वर्तमानपत्रांनी झोडल्यावर उतरवले.

९. वाद्यवृंदाचं काम इतकं साधं का? बीथोव्हनच्या कॉन्चेर्टोत असतं तसं संभाषण का नाही?

याचं अर्धं उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे. प्रत्येक गावात अनोळखी वादक, एखादी तालीम आणि संध्याकाळी मैफल, अशा व्यवहारात अवघड पार्ट्स लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. म्हणून एकल वादन सुरू झालं की वाद्यवृंद ठेक्यापुरते स्वर धरतो, आणि दणका राखून ठेवतो तो दोन वादनांमधल्या मोकळ्या जागांसाठी. बिगड्रम, झांजा आणि ट्रॉम्बोन यांची भर त्याने नंतर घातली, तीही याच जागांसाठी.

दुसरं अर्धं उत्तर ऑपेरात आहे. हा कॉन्चेर्टो सिंफनीच्या नव्हे, इटालियन ऑपेराच्या घराण्यातला. सुरुवातीचा वाद्यवृंद ऑपेराचा पडदा उघडण्याआधी वाजतो तसा वाजतो, आणि मग नायिका यावी तसं व्हायोलिन येतं. रोसिनीशी पागानिनीची मैत्री होती. १८२१ मध्ये रोममध्ये रोसिनीच्या ‘मातिल्दे दि शाब्रान’च्या वेळी संचालक आजारी पडला, तेव्हा पहिले प्रयोग पागानिनीने सांभाळले. त्यामुळे बीथोव्हनच्या फूटपट्टीने मोजून याला उथळ ठरवणं म्हणजे नाट्यपदाला ख्यालाचा विस्तार नाही म्हणून नाक मुरडणं.

१०. कॅडेन्झा कोणाची वाजवतात? पागानिनीची उपलब्ध आहे का?

पागानिनीची नाही. त्याने ती लिहून ठेवली नाही, तो दर वेळी आपली वाजवत असे. सर्वांत जास्त वाजते ती एमिल सोरे याची. ती एकटीच चार-पाच मिनिटांची आहे, आणि काही जागा तर कॉन्चेर्टोपेक्षाही कठीण आहेत. कार्ल फ्लेश याचीही कॅडेन्झा आहे. स्वतःची लिहून वाजवणारेही आहेत.

सोरेच्या कॅडेन्झाबद्दल एक कुरकूर: ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या भाषेत बोलते. तिच्यातल्या सुरावटींच्या वळणांना रोसिनीच्या काळाचा वास नाही. ऐकायला थरारक आहे, पण ती पागानिनीची आहे असं समजून तिच्यावरून त्याची शैली ठरवू नका.

११. अडाजिओ त्याने तुरुंगात लिहिला, हे खरं का?

नाही. त्या भागाशी तुरुंग जोडला गेला तो रंगमंचावरचा. ज्युझेप्पे दे मारिनी हा नट कैद्याच्या प्रवेशात आयुष्याचा शेवट मागतो, ते पाहून पागानिनी हलून गेला आणि त्यातून हा भाग सुचला, अशी कथा सांगितली जाते. संगीत पाहिलं तर ती पटते. डीच्या हिशेबात बी मायनर, मूळ पट्टीत सी मायनर, आणि व्हायोलिन गाण्यापेक्षा बोलल्यासारखं जास्त वाजतं.

स्वतः पागानिनी तुरुंगात होता, तिथे एकच तार उरल्यामुळे एका तारेवर वाजवायला शिकला, ही निव्वळ अफवा. तिने त्याला इतकं छळलं की १८३१ मध्ये पॅरिसच्या एका संगीतविषयक नियतकालिकात त्याला खुलासा छापवून घ्यावा लागला. सैतानाशी केलेल्या कराराची गोष्टही त्याच पठडीतली. तिकीटविक्रीला मात्र तिने मदत केली असणार.

१२. यात नक्की कठीण काय आहे?

वेग नाही. वेग तर पुष्कळांकडे असतो. खरी अडचण अशी की चार-पाच वेगवेगळी तंत्रं एकामागून एक, मध्ये दम घ्यायला जागा न देता येतात.

पहिल्या भागात दशमं, म्हणजे दहा स्वरांच्या अंतराचे जोडस्वर आहेत. बहुतेक जण पहिलं बोट ठेवून चौथं पुढे ताणतात, आणि हात दुखतो तो इथेच. उलटं करा. आधी चौथं बोट त्याच्या जागी निवांत ठेवा, मग पहिलं बोट मागे सरकवा. मागे जाणं तळव्याला सोपं असतं. अंगठा मानेखाली थोडा पुढे आणि सैल हवा. दुखू लागलं की त्या दिवशी दशमं बंद, त्यात मर्दुमकी नाही.

तृतीयांच्या, म्हणजे तीन स्वरांच्या अंतराच्या जोडस्वरांच्या धावा बेसूर होतात त्या बहुधा बोटांच्या जोड्या बदलताना. वरची आणि खालची ओळ वेगवेगळी, पण बोटं तीच ठेवून वाजवा. नुसती एक ओळ बेसूर येत असेल तर दोन मिळून सुरेल येणार नाहीत.

रोंदोमध्ये रिकोशे आहे. गज तारेवर टाकायचा आणि त्याच्याच उसळीवर स्वर निघू द्यायचे. इथली नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक स्वर हाताने मारणं. प्रत्येक गजाची उसळण्याची स्वतःची गती असते, ती मध्याच्या जरा वर सापडते. टोकाकडे गेलात तर उसळी जलद आणि बारीक होते, मुठीकडे आलात तर संथ आणि जड. आधी मोकळ्या तारेवर गती सापडवा, नंतर डावा हात जोडा. करंगळी घट्ट धरली की उसळी मरते.

दुहेरी हार्मोनिक्स सगळ्यांत नाजूक. कृत्रिम हार्मोनिकमध्ये पहिलं बोट तार पूर्ण दाबतं आणि चौथं त्याच्या चौथ्या स्वरावर नुसतं टेकतं. मिळणारा स्वर दाबलेल्या स्वरापेक्षा दोन सप्तकं वर असतो. हे दोन तारांवर एकाच वेळी करायचं. स्वर शिट्टीसारखा न येता खरखरला तर क्रमाने तपासा: टेकलेलं बोट दाबलं जातंय का, गज घोडीपासून लांब गेला का, तारेवर राळ साचली का. सगळं ठीक असूनही पंचमाची जोडी जुळत नसेल तर तारा जुन्या झाल्या आहेत. झिजलेल्या दोन तारांवर आडवं बोट ठेवलं तर पंचम खरा येत नाही, आणि मग कितीही रियाज करा, हार्मोनिक्स बेसूरच.

१३. त्याचे हात राक्षसी मोठे होते म्हणून हे जमत होतं का?

नाही. पॅरिसमध्ये त्याला तपासणाऱ्या डॉ. बेन्नाती यांनी १८३१ मध्ये लिहून ठेवलं की हाताचा आकार असाधारण नव्हता, लवचीकपणा असाधारण होता. त्यावरून पुढे डॉक्टरांनी निरनिराळ्या आजारांची नावं सुचवली, पण ती मेलेल्या माणसाची तपासणी आहे. छोट्या हाताचे असंख्य वादक आज हा कॉन्चेर्टो वाजवतात.

१४. त्याने तो कोणत्या व्हायोलिनवर वाजवला? ते आज कुठे आहे?

ग्वार्नेरी देल जेझू याने १७४३ मध्ये क्रेमोनात बनवलेलं व्हायोलिन. आवाजाच्या ताकदीमुळे पागानिनी त्याला ‘इल कॅनोने’, म्हणजे तोफ म्हणे. मृत्युपत्रात त्याने ते जन्मगाव जेनोआला दिलं, आणि ते तिथे पालाझ्झो दोरिया-तुर्सीमध्ये ठेवलेलं आहे. जेनोआत १९५४ पासून पागानिनी स्पर्धा भरते. तिच्या विजेत्याला या तोफेवर वाजवण्याचा मान मिळतो. पॅरिसचा वाद्यकारागीर व्हियोम याने केलेली तिची नक्कलही जेनोआतच आहे. ती पागानिनीचा शिष्य कामिल्लो सिवोरी याच्याकडे होती.

१५. व्हायोलिनच्या परीक्षेची आठवी ग्रेड झाली. आता हा सुरू करू का?

नको. आठवी ग्रेड आणि हा कॉन्चेर्टो यांच्यात काही वर्षांचं अंतर आहे. क्रॉइट्झर, मग रोड, मग डोंटचा ओपस ३५ हे अभ्यास नीट झालेले हवेत. त्यांच्याबरोबर व्हियोत्तीचा बाविसावा, बेरियोचा नववा, ब्रुखचा पहिला, मग व्हिनियाव्हस्कीचा दुसरा असे कॉन्चेर्टो. त्यानंतर पागानिनीच्या सोप्यातल्या काप्रिचीपैकी पाच-सहा. एक साधी कसोटी: तृतीया, षष्ठी आणि अष्टकांच्या जोडस्वरांत सप्तकांचे आरोह-अवरोह संथ लयीत, न थांबता सुरेल येतात का? नसतील येत तर इथे फक्त चुका पक्क्या होतील.

१६. मला मूळ पट्टीत, तारा चढवून वाजवायचा आहे. कसं करू?

शक्य असेल तर दुसरं व्हायोलिन वापरा. एकाच वाद्यावर रोज चढ-उतार केली तर ते कुठल्याच पट्टीत स्थिर राहत नाही.

तारांचा एक हलक्या ताणाचा नवा संच घ्या. सिंथेटिक तारांच्या साध्या संचाचा एकूण ताण साधारण २२ किलो असतो, अर्धा स्वर चढवल्यावर त्यात पावणेतीन किलोंच्या आसपास भर पडते. हलक्या तारा घेतल्या की ही भर बरीचशी भरून निघते. मैफलीच्या किमान चार-पाच दिवस आधी चढवा, एका दमात नाही. सगळ्या तारा पाव-पाव स्वराने, आळीपाळीने. दर फेरीनंतर घोडीकडे बघा. तारा ओढल्या जाताना घोडीचं डोकं बोटपट्टीकडे कलतं. तिची मागची बाजू वाद्याच्या पाठीला काटकोनात राहायला हवी. कलली तर दोन्ही हातांनी हळूच मागे घ्या. खुंटीजवळच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार अडकत नाही.

सगळ्यांत आधी तुटते ती ईची तार, कारण तिला ६५९ हर्ट्झवरून ६९८ वर जायचं असतं. खिशात दोन जादा ठेवा. वाद्याच्या बाजूच्या पट्ट्यांचे सांधे उकललेले असतील किंवा वरच्या फळीला जुनी चीर असेल तर हा प्रयोग करूच नका. आधी कारागिराला दाखवा.

१७. तारा चढवल्या, तालमीत सगळं अर्ध्या स्वराने फाटतंय. चूक कुणाची?

बहुधा पार्ट्स मागवणाऱ्याची. बाजारात वाद्यवृंदाचे पार्ट्स दोन्ही पट्ट्यांत मिळतात. मागवताना ‘ओपस ६’ एवढंच न लिहिता पट्टी स्पष्ट लिहा, आणि आल्यावर पहिल्या व्हायोलिनच्या पार्टवर चिन्हं मोजा. तीन कोमलचिन्हं म्हणजे ई फ्लॅट, दोन तीव्रचिन्हं म्हणजे डी. पियानोसाथीचे छापील पार्ट्स जवळजवळ नेहमी डीमध्ये असतात. डिजिटल पियानो असेल तर ट्रान्स्पोज अधिक एक करा. मात्र तुम्ही साध्या तारांवर वाजवत असाल तर ते शून्यावर आणायला विसरू नका. हा घोळ इतका नेहमीचा आहे की तालीम सुरू होण्याआधी एकच स्वर मिळून वाजवून बघायची सवय लावून घ्यावी.

१८. काही रेकॉर्डिंग्ज वीस मिनिटांतच संपतात. ती अपुरी आहेत का?

कधी अपुरी, कधी वेगळीच रचना. पहिला भाग लांब आहे, म्हणून वाद्यवृंदाची सुरुवात आणि मधल्या जागा कापायची चाल जुनी आहे. शिवाय ऑगस्ट विल्हेल्मी याने पहिल्या भागाची एक स्वतंत्र आवृत्ती केली, आणि १९३६ मध्ये फ्रिट्झ क्रायस्लर याने पहिल्या भागावरून एकभागी कॉन्चेर्टोच रचला. क्रायस्लरची आवृत्ती म्हणजे नुसती काटछाट नाही. त्याने वाद्यवृंद नव्याने लिहिला आणि सुरावटीखालची स्वरसंगती बदलली. ती आवडली म्हणून पागानिनी आवडला असं होत नाही.

१९. कार्यक्रमात वाजवायला किंवा यूट्यूबवर टाकायला परवानगी लागते का?

पागानिनीच्या रचनेला नाही. सोरे १९२० मध्ये आणि फ्लेश १९४४ मध्ये गेला, त्यांच्याही कॅडेन्झा मोकळ्या आहेत. क्रायस्लरची आवृत्ती मात्र जागेनुसार बदलते. तो १९६२ मध्ये गेला. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणून इथे ती २०२३ पासून मोकळी झाली. युरोपात ७० वर्षं, म्हणजे २०३२ अखेरपर्यंत हक्क कायम. आजच्या संपादकाने घातलेल्या बोटांच्या आणि गजाच्या खुणा, तसंच कुणाचं रेकॉर्डिंग, हे हक्क वेगळे असतात.

२०. सहावा कॉन्चेर्टो पहिल्याच्या आधीचा म्हणतात. हे काय गणित आहे?

सहावा हा आकडा तो सर्वांत उशिरा सापडला म्हणून पडला, लिहिण्याच्या क्रमाने नाही. ई मायनरमधला तो कॉन्चेर्टो १८१५ च्या आसपासचा मानतात, पण हस्तलिखित १९७० च्या दशकात पुढे आलं, तेही व्हायोलिन आणि गिटारसाठीचं. म्हणून कुणी त्याला सहावा म्हणतात, कुणी शून्यावा. तिसरा हेन्रिक शेरिंगमुळे १९७१ मध्ये पुन्हा ऐकू आला. चौथा १९५४ मध्ये आर्थर ग्रुमियोने वाजवला. पाचव्याचा फक्त एकल पार्ट उरला होता, वाद्यवृंद फेदेरिको मोम्पेल्लिओने रचला. छापखान्यापासून लपवून ठेवण्याची ही किंमत.

२१. सुरुवातीला कोणाचं ऐकू?

इट्झाक पर्लमनचं १९७१ चं, लॉरेन्स फॉस्टरच्या संचालनाखालचं. त्यात गाणं आणि कसरत दोन्ही आहेत. यहुदी मेन्युहिनचं १९३४ चं, पिएर मोंत्योबरोबरचं, सोरेच्या कॅडेन्झासह. आवाज जुना आहे, पण अडाजिओ ऐकाच. हिलरी हानचं २००६ चं रेखीव आहे. सहाही कॉन्चेर्टो एका हातचे हवे असतील तर साल्व्हातोरे अकार्दो, १९५८ चा जेनोआ स्पर्धेचा विजेता.

२२. मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवतो. तारा चढवणं-उतरवणं आमच्याकडे रोजचंच आहे. मला यातलं काही उचलता येईल?

स्कॉर्दातुरा तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. षड्ज-पंचम-षड्ज-पंचम अशा लावलेल्या तारा याच तत्त्वावर झंकारतात. पण नोटेशन उचलून तसंच वाजवता येणार नाही. इथल्या सगळ्या जोडस्वरांची बोटं शेजारच्या दोन तारांमध्ये सर्वत्र पंचमाचं अंतर आहे असं धरून लिहिली आहेत. तुमच्या वाद्यावर मधल्या दोन तारांमध्ये मध्यमाचं अंतर असतं, तिथे ती कोसळतात. बसून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून वाजवताना वरच्या सप्तकातल्या झटपट उड्याही वेगळ्या पडतात. घेण्यासारखं आहे ते गजाचं काम. रिकोशे आणि एकाच गजातला स्टकाटो (तुटक स्वर) द्रुत तानांत आणि झाल्यात वापरता येतो, त्याला तारा कशाही लावलेल्या चालतात.

२३. माझे कान पट्टीला पक्के आहेत. चढवलेल्या तारांवर वाचताना डोकं गरगरतं. उपाय?

डोळ्यांना डी दिसतो, कानाला ई फ्लॅट ऐकू येतो आणि बोटं आपोआप अर्धा स्वर खाली सरकतात. ही तक्रार खरी आहे, आणि चांगल्या कानाच्या वादकांनाच जास्त सतावते. कागद बघत रियाज करू नका. आधी साध्या तारांवर पूर्ण पाठ करा, मग चढवा. पहिले दोन दिवस फक्त मोकळ्या तारा आणि संथ सप्तकं वाजवून कानाला नवी पट्टी द्या. तानपुरा अ‍ॅप काळी दोनवर लावून त्यावरच वाजवा, म्हणजे षड्ज कुठे आहे याचा वाद मिटतो. तरीही जमलं नाही तर एकल पार्ट ई फ्लॅटमध्ये लिहून घेऊ नका, बोटं आणखी गोंधळतील. सरळ डीमध्ये वाजवा.